दोषांची यादी

तीस वर्षं मी नाशिकरोडच्या छापखान्यात
नोटा नापास केल्या.
शाई फुटलेली,
कड तिरकी गेलेली,
आकडा केसभर सरकलेला.
प्रत्येक दोषाला नाव, नावाला खाना, खान्याला शिक्का.
ट्यूबलाइटखाली बोटं आपोआप थांबत.
डोळ्यांच्या आधी बोटांना कळायचं.

आता शरणपूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर बेदमुथा मला
उजेडात धरून बघतायत.

झोप?
तीनला उघडते.
भूक?
असते, पण माझी नसते.
मरणाचे विचार?

मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली एक माणूस
मिसळीच्या दुकानापुढं कांदा चिरत होता,
इतका बारीक, इतका मन लावून
की मला उत्तराला वेळ लागला.
वेळ लागला, हेही बाईंनी लिहिलं.

मग कागदाच्या कोपऱ्यात, लहान अक्षरात:
एफ तेहेतीस पॉइंट एक.

म्हणजे?
पुन्हा पुन्हा येणारं नैराश्य. सध्या मध्यम.

मध्यमवर मी अडकलो.
रात्री मोरीतला नळ सोडून,
शैलाला वाटावं तोंड धुतोय,
मी जे करतो ते मध्यम?
पण बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.
हे आधी कुणाला तरी झालंय.
इतक्यांना झालंय
की दशांश चिन्ह द्यावं लागलं.

आमच्या पळशाला यादी वेगळी होती.
गंगाधर तात्या तऱ्हेवाईक, कारण बागायत होती.
तेच सगळं त्यांच्या सालगड्याला झालं,
तो येडा.
धोंडाबाई काकूला बाहेरचं,
तिला मंगळवारी वणीच्या गडावर न्यायचे,
येताना ती शांत असायची, बुधवारपर्यंत.
आणि माझी चुलत बहीण इंदुमती
आळशी.
बावीस वर्षं आळशी.
सासरच्यांनी परत आणून सोडली तेव्हाही
हाच शेरा होता.
उशाशी ताट तसंच, भाकरी वाळून वर आलेली,
आणि आम्ही ओसरीवर पत्ते खेळत म्हणायचो,
लोळते.

पुस्तक चुकत नाही का, मी विचारलं.
चुकतं, बाई म्हणाल्या.
मधूनमधून बदलतं. काही आजार खोडलेत त्यातून,
माणसांची माफी न मागता.
काही स्वभावांना पान मिळालंय.
रेघा पेन्सिलीच्या असतात, गायधनी,
दुखणं तेवढं शाईचं.
वाक्य छान होतं.
खूप जणांच्या हातांतून जाऊन
गुळगुळीत झालेलं.

मग त्यांनी साधंच विचारलं:
पहिल्यांदा कधी?

पहिल्यांदा, बाई,
अठ्ठ्याण्णव साली दोन आठवडे
मला सगळ्याच नोटा नापास दिसल्या.
ताव उलटावा आणि दोष,
पुढचा उलटावा आणि दोष,
गठ्ठेच्या गठ्ठे मी डावीकडे ठेवत गेलो.
पिल्ले साहेबांनी ते पुन्हा मोजले, पुन्हा बघितले,
आणि सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन म्हणाले,
गायधनी, चष्मा बदला.

मी चष्मा बदलला.

बाई लिहायच्या थांबल्या होत्या.
पंखा जरा कुरकुरत होता.
एवढी गोष्ट मी शैलालाही सांगितली नव्हती,
आणि ती ज्या खान्यात बसते
त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

खाली औषधांच्या दुकानात
पोरानं सुट्टे दिले. त्यात दहाची एक नोट,
मऊ पडलेली, कोपरा गेलेला,
कुणीतरी पेनानं दुधाचा हिशोब केलेला तिच्यावर.
सवयीनं उजेडात धरली.
काका, चालते ती, पोरगा म्हणाला.
बोटं थांबली नाहीत.

द्वारका ओलांडल्यावर रिक्षात आठवलं,
इंदूला कितवा आकडा मिळाला असता
ते विचारायचं राहिलं.

पुढच्या मंगळवारी विचारीन.